उभं राहणाऱ्याला केक नसतो

प्रिय व्हर्लिन यास,

आर्डेलचे आशीर्वाद. (धाकटा मेव्हणा बोलत नसला तरी त्याला आशीर्वाद दिलेले चालतात, असं धरून चाललो आहे.) तुझा गुडघा कसा आहे? गाई दूध बरं देतात ना? मक्याला यंदा पाऊस पुरला का? इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे तुझ्या बहिणीचं, मार्लिसचं आहे. माझं पुढे येईलच. सात मैलांवर राहणाऱ्या माणसाला पत्र कशाला, असं पोस्टातल्या बाईंनी विचारलं. आता त्यांना काय सांगू? फोन केला की तू ‘हं’ म्हणतोस आणि लगेच तुझी दूध काढायची वेळ होते, जी दिवसातून दोनदाच होते असा माझा आजवर समज होता.

तर, आपल्या बेसबॉल संघाचा शेवटचा सामना आम्ही हरलो, हे तुझ्या कानावर आलं असेलच. (आलं नसेल तर तुझ्याशी गावात कोणीच बोलत नाही असा अर्थ होईल, आणि तसं मुळीच नाही, उलट तुझ्याबद्दलच सगळे बोलतात.) पण कसं हरलो ते माझ्याकडून, मॅनेजरकडूनच ऐक. जूनमध्ये तुझ्या जागी मी डुएन स्कोगलंडला घेतला. दंड बघितलेस ना त्याचे? त्याने मारलेला चेंडू कुंपणापलीकडच्या मक्यात पडला की कापणीलाच सापडायचा. चारचाकीत बसून सामना बघणारी मंडळी हॉर्न वाजवून गाव डोक्यावर घ्यायची. आणि असा कुंपणापलीकडे होमरन मारणाऱ्याला चर्चच्या बायकांकडून अख्खा सफरचंदाचा केक, ही आपल्या गावची रीत तुला मी काय सांगणार? केक तुझ्या आईच्या हातचा. इतकी वर्षं खेळलास, पण मैदानावर तुझ्या वाट्याला त्यातला एक तुकडा आला नाही. कारण तू मारायचासच नाहीस. बॅट खांद्यावर ठेवून, बाजारात अंडी पारखावीत तसा एकेक चेंडू निरखायचास. चार वाईट पडले की नियमाने फुकट मिळालेल्या पहिल्या बेसवर, बॅट ठेवून, शांतपणे चालत जायचास. तेवढ्यात लोक कॉफी आणायला उठायचे. आता चालत जाणाऱ्याला कोण हॉर्न वाजवणार? मीही नाही वाजवला.

ऑगस्ट उजाडेपर्यंत एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. डुएन होमरन मारत होता, हॉर्न वाजत होते, केक संपत होते आणि आम्ही हरत होतो. का? तर त्याने चेंडू मक्यात घातला की एकटा तोच पळून यायचा, म्हणजे धाव एकच. त्याच्या आधी बेसवर जाऊन उभा राहणारा कोणीच नव्हता. जो राहायचा त्याला मी घरी पाठवला होता. लोखंडी सामानाचं दुकान इतकी वर्षं चालवतो, नुसता हातोडा असून भागत नाही, खिळाही लागतो, हे गिऱ्हाइकाला रोज सांगतो. स्वतःला सांगायचं राहून गेलं.

शेवटच्या सामन्यात आम्ही एका धावेने मागे, तिन्ही बेसवर आमचे गडी उभे, आणखी एक बाद झाला की खेळ खलास, आणि खेळायला डुएन. समोरचा चेंडू टाकणारा पिचर इतका दमला होता की आधीच्या दोघांना त्याने बेस फुकट देऊन टाकले होते. डुएनने नुसतं उभं राहायचं होतं, चार वाईट पडले की सगळे एकेक बेस पुढे सरकले असते आणि बरोबरीची धाव आपल्या पायांनी घरी आली असती. मी ओरडलो, “उभा राहा रे बाबा, हात नको लावूस!” पण मोठा सामना म्हणून सासूबाईंनी त्या दिवशी दोन मजली केक आणून तिसऱ्या बेसमागच्या टेबलावर ठेवला होता. पहिला चेंडू डोक्यावरून गेला, डुएनने बॅट फिरवली. दुसरा मातीत आपटला, त्यालाही फिरवली. तिसरा तर इतका बाहेर होता की आमच्याच बाकावर येतो की काय असं वाटलं. त्यालाही फिरवली, तिन्ही हुकले, डुएन बाद आणि संपलं.

“अरे, वाईट होता ना चेंडू? दिसला नाही?” मी विचारलं.

“दिसला हो मॅनेजर,” तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, “पण केकही दिसत होता.”

मागून सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आमचा व्हर्लिन असता तर कान खाजवत उभा राहिला असता.” मग उठल्या आणि तो केक त्यांनी समोरच्या पिचरला नेऊन दिला. म्हणाल्या, “खा बाबा. इतकं वाईट टाकून जिंकलेला माणूस मी पाहिला नव्हता.”

मला फार वाईट वाटलं व्हर्लिन, आणि ते सामन्याचं नव्हे. जूनमध्ये सगळ्यांसमोर मी तुला म्हणालो होतो, “आपल्याला फटका हवाय, पुतळा नकोय.” लोक हसले. तू ग्लोव्ह पिशवीत टाकलास आणि निघून गेलास. ते हसू मला फार गोड लागलं होतं, आता आठवलं की घास उतरत नाही. तर पुढच्या मोसमात परत ये. पहिला फलंदाज तूच, हा माझा शब्द.

तुझा दाजी,
आर्डेल

ता. क. मार्लिसने पत्र वाचलं. म्हणाली, “एवढं लांबण लावलंत, ‘चुकलो’ कुठे लिहिलंय?” तर, चुकलो.

ता. क. दुसरा. वर दिलेल्या शब्दाला काही अर्थ नाही. मंगळवारी कमिटीने मला काढलं आणि संघ पाद्री हेगस्टाड यांच्याकडे दिला. ते तुला घेतीलच, त्यात माझा काही हात नाही.

ता. क. तिसरा, हा मार्लिसला दाखवलेला नाही. जूनपासून तू रविवारी जेवायला येत नाहीस. ती दर रविवारी तुझं ताट मांडते, आमचं जेवण होईपर्यंत थांबते आणि स्वच्छ ताट परत फडताळात ठेवते. तेव्हा माझ्याकडे बघत नाही. या रविवारी ये. माझं तोंड बघायचं नसेल तर मी दुकानात जाऊन जेवेन, पण ते ताट तिला पुन्हा तसंच उचलायला लावू नकोस.