जिन्याचे नऊ इंच

मी, इमारत क्रमांक तीनच्या चौथ्या मजल्यावर राहणारी, पेशाने वास्तुशिल्पी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहिते आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या मुलाला शंका काढायची सवय आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी त्याच्यावर खूश असताना लिहिले होते.

१. कमी पगाराच्या कुटुंबांसाठी बांधलेली ही इमारत मीच आखली. माझी पद्धत अशी, की मोकळ्या मैदानावर चुन्याने खऱ्या मापाची घरे आखायची आणि राहायला येणाऱ्या बायकांना त्यांत हिंडायला लावायचे. त्यांच्या सांगण्यावरून स्वयंपाकघरांना मोठ्या खिडक्या आल्या, दारांसमोर बसायला कट्टे आले. तेवढे चांगले झाले. मग इमारत बांधून घेणाऱ्या समितीच्या अध्यक्षांना मजल्यामागे एक घर जास्त हवे झाले आणि मी जिन्याच्या वळणातले नऊ इंच कापून दिले. वळणावर स्ट्रेचर फिरते का, हे मी जातीने तपासले. दोन मजुरांनी ते उभे करून, कठड्यावरून झोकात फिरवले आणि मी नकाशावर बरोबरची खूण केली. स्ट्रेचर रिकामे होते. त्यावर माणूस असतो, हे मला सुचले नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांत माझा नंबर पहिला.

२. या इमारतीला बक्षीस म्हणून मिळालेली ढाल अध्यक्षांना द्यावी. तिच्यावर ‘रहिवाशांच्या सुखासाठी’ असे कोरले आहे. अध्यक्षांच्या बंगल्याला तीनच पायऱ्या आहेत, त्याही बागेत उतरतात. ढाल जड आहे, वाऱ्याने आपटणारे दार अडवायला बरी पडते. मी सात वर्षे तेच केले.

३. माझे टेबल, पट्ट्या आणि टेप सुनेला. आमच्या घरात मोजल्याशिवाय न बोलणारी ती एकटीच.

४. बँकेतली सगळी शिल्लक इमारतीला बाहेरून लिफ्ट लावण्यासाठी खर्च करावी. लिफ्टमध्ये माणूस आडवा मावला पाहिजे. मावतो का, हे अध्यक्षांना आडवे करून पाहावे.

५. राहते घर मुलाला. तोही वास्तुशिल्पी आहे आणि याच जिन्याच्या आठ इमारती उभ्या करायला निघाला आहे. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या बसड्रायव्हरांना झटका आला, तेव्हा स्ट्रेचर वळेना म्हणून त्यांना खुर्चीला चादरीने बांधून उतरवले. मी वरून बॅटरी धरली होती. दुसऱ्या वळणावर त्यांनी मान टाकली. मी ते मुलाला सांगितले. तो म्हणाला, “आई, नकाशा मंजूर झालाय. नऊ इंच वाढवले तर मजल्यामागे एक घर जातं. आणि असं रोज थोडंच होतं?”

मी म्हटले, “त्यांच्या बायकोला विचार, किती वेळा व्हायला हवं होतं.”

तो घड्याळ बघत उठला. मला त्याची लाज वाटली. हे त्याला मीच शिकवले होते, म्हणून स्वतःची जास्त वाटली.

सबब घराला एक अट आहे. मी गेल्यावर मला याच जिन्याने, खुर्चीवर बसवून खाली न्यावे. खुर्चीची खालची बाजू मुलाने स्वतः धरावी आणि चारही मजले उलटे उतरावे. मधे माणूस बदलू नये. कोपर भिंतीला घासले तर घासू द्यावे. तोवर त्याने नव्या इमारतींच्या बांधकामाच्या नकाशांवर सही करू नये. उतरल्यावर काय करायचे, ते त्याने ठरवावे. तेव्हा मी काही बोलणार नाही, एवढी सोय त्याला आहे.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ड्रायव्हरांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या शिंपीणबाईंनी करावी. जिन्याबद्दल त्यांनी मला आजवर एक शब्दही ऐकवला नाही. ऐकवायला हवा होता.

स्थळ: माझे स्वयंपाकघर, खिडकीजवळ.
दिनांक: चौदा मार्च, सकाळी अकरा.
सही: चौथा मजला, उजवीकडचे घर.

साक्षीदार १: दाखला देणारे डॉक्टर. जिना चढून आले, दम खाऊन सही केली.

साक्षीदार २: तिसऱ्या मजल्यावरची शिंपीण. वाचून सही केली. खुर्ची आमचीच न्यावी. चादर मी धुऊन ठेवली आहे.