साहेबांच्या कुत्र्याची एकादशी

सोमवार, ता. ८ जानेवारी १९३४

आज हे कचेरीतून कुत्रा घेऊन आले! यांचे साहेब चार महिने रजेवर विलायतेला गेले, तोवर जिमी आमच्याकडे. 'साहेब परत आले की आधी कुत्रा बघतील, मग माझ्या बढतीचं,' म्हणाले. म्हणजे काम वाढलं कोणाचं? माझंच. मला पाचवा महिना. चार पायऱ्या चढले तरी धाप लागते.

सासूबाईंनी त्याला परसात जागा दिली. पायरीच्या वर पाऊल टाकायचं नाही.

गुरुवार, ता. ११

एकादशी. सासूबाईंनी जिमीलाही वरीचे तांदूळ घातले. 'या घरात राहायचं तर एकादशी पाळायची.' त्याने हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं. मी काय करू? माझ्याही पोटात तेच होतं.

मंगळवार, ता. १६

जिमीचे केस गळतायत, बरगड्या दिसतात. दूधभात झाला, वरणभात झाला, ताकात कुस्करलेली भाकरी झाली. संक्रांतीची गुळपोळी तेवढी चाटूनपुसून खाल्ली, आणि सगळी ओकून टाकली. हे त्याला गुरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्यांनी सांगितलं — गोड बंद, मीठ अजिबात नको, मटण नाहीतर अंडी द्या.

मग मलाही दवाखान्यात नेलं. (आधी कुत्रा!) डॉक्टरीणबाईंनी माझी पापणी ओढून पाहिली. रक्त फार कमी आहे, रोज एक अंडं खा, नाहीतर बाळंतपण जड जाईल. गेल्या खेपेला बाळ गेलं. या खेपेला मी राहते की नाही, याची मला भीती वाटते.

घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, 'खजूर खा. सात पिढ्यांत या घरात अंड्याचं टरफल आलेलं नाही.' हे जिमीला फिरवायला घेऊन गेले.

गुरुवार, ता. १८

टरफल आलं. जिमीसाठी! यांनी साहेबांचं नाव काढलं आणि सासूबाई नमल्या. 'कुत्र्याला कुठला आलाय धर्म,' म्हणाल्या. मागच्या गल्लीतली मदिनाबी कोंबड्या पाळते. ती रोज कुंपणावरून एक अंडं देणार. परसात तीन दगडांची चूल, एक फुटकं मडकं. उकडायचं मी, मग आंघोळ करूनच आत यायचं.

मदिनाबी म्हणाली, 'कुत्र्याचं ऱ्हाऊ द्या बाई, तुमचंच तोंड लई पांढरं पडलंय की.'

रविवार, ता. २१

जिमीला अंडं मानवलं. उड्या मारतो. मला न्हाणीत चक्कर आली.

मंगळवार, ता. २३

अर्धं जिमीला घातलं. अर्धं मी खाल्लं. त्याच्याकडे पाठ करून. पिवळं घशाशी अडकलं, वाटलं आता ओकणार. नाही ओकले. माझ्या आईला कळलं तर काय म्हणेल! वळले तर मागच्या दारात सासूबाई उभ्या. तशाच आत वळल्या.

बुधवार, ता. २४

दिवसभर माझ्याशी एक शब्द नाही. आता मला माहेरी धाडतील. जिमीचं अंडंही बंद होईल, त्याचं मला जास्त वाईट वाटतंय.

शुक्रवार, ता. २६

एकादशी. जिमीसाठी वरीचे तांदूळ घेऊन निघाले, तर सासूबाईंनी हातातून ताटली काढून घेतली. स्वतः परसात गेल्या. कुंपणापाशी उभ्या राहून मदिनाबीला हाक मारली. 'कुत्र्याला एकाने भागत नाही गं. आजपासून दोन देत जा.'

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'चुलीकडे जाताना चिमूटभर मीठ घेऊन जा.'