कॉम्प्युटरला माझी कदर आहे

४ नोव्हेंबर, सोमवार
सीझन सुरू. सेलूच्या जिनिंग मिलवर कापूस तपासायचं माझं हे सव्विसावं वर्ष. मुठीत कापूस धरला की ओलावा किती ते सांगतो. मीटर लागत नाही. आज नवी सुपरवायझर आली. ऋतुजा, माझ्या जुन्या दोस्ताची, शिवाप्पाची मुलगी. वय पंचवीस. म्हणाली, काका, प्रत्येक गाडीला मीटर लावत जा, तळातला कापूसही काढून बघा. हसून सोडून दिलं. शिकेल हळूहळू.

१२ नोव्हेंबर
ऋतुजाचं पुन्हा तेच. बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं. म्हणजे तिलाच खात्री नाही. आजपासून तिच्याशी कामापुरतं बोलणं. दुपारी तिनं चहाला बोलावलं. गेलो. चहा होता म्हणून.

२३ नोव्हेंबर, शनिवार
मालकांनी कॉम्प्युटर सिस्टिम बसवली. दर शनिवारी मोबाइलवर कामाचा रिपोर्ट. माझा आला: ‘अनुभव दांडगा. मात्र प्रत्येक गाडीला मीटर लावावा. तळातला कापूस तपासावा.’ वा! मशीनच्या मनात ना हेवा ना दावा. आणि सूचना किती मोलाची. हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

७ डिसेंबर
दोन आठवडे मीटर चालू. ओल्या गाड्या पकडण्यात माझा पहिला नंबर. बायकोला, मनकर्णाला रिपोर्ट वाचून दाखवला. म्हणाली, ऋतुजा बी हेच सांगत होती की. हिला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

१४ डिसेंबर, दुपारी २
ऑफिसात गेलो. ऋतुजा माझ्याच नावापुढं काहीतरी टाइप करत होती. विचारलं. म्हणाली, “काका, आकडे मशीन देतंय. सूचना मीच लिहिते. तोंडानं सांगितलं की तुमी ऐकत न्हाई.”
तीन आठवडे फसवणूक. मीटर कपाटात टाकला.

१६ डिसेंबर
राजीनामा लिहिला. मनकर्णानं विचारलं, पंचावन्नाव्या वर्षी कोणती जिनिंग कामावर घेणार? पोरीचं, अर्पिताचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. राजीनामा शर्टाच्या खिशात ठेवलाय. निर्णय पक्का. फक्त तारीख टाकायची बाकी.

१९ डिसेंबर
पेडगावहून बन्सीधरची गाडी. वरचा कापूस मुठीत घेतला, कोरडा खडखडीत. पास. ऋतुजा लांबून बघत होती. मुद्दाम तळात हात घातला नाही.

२४ डिसेंबर
बन्सीधरच्या कापसाच्या गंजीतून वाफ यायलीय. ऋतुजानं माझा हात धरून आत घातला. चटका बसला. कापूस आतून पिवळा पडलेला. मालक आले, विचारलं कुणी पास केला. ती म्हणाली, “सुपरवायझर मी हाय. चूक माझी.” मी शेजारीच उभा होतो. बोलणार होतो. मालक लवकर निघून गेले.

३० डिसेंबर
तिला मालकांच्या चुडाव्याच्या जिनिंगवर पाठवलं. जाताना पाया पडली.  गाडी आली म्हणून सांगून फाटकाकडं गेलो. गाडी आली नव्हती. शर्ट धुवायला गेला, राजीनामा खिशातच राहिला.

११ जानेवारी, शनिवार
नवा सुपरवायझर हरिओम. मीटर मीच परत काढला, प्रत्येक गाडीला लावतोय. कुणी सांगितलं म्हणून नाही. रिपोर्ट आला. नुसते आकडे. खाली सूचनेची जागा कोरी. दोनदा वरखाली करून पाहिलं. शेवटी ऑफिसात जाऊन विचारलं, कामात काही सुधारणा हवी का? त्यानं मोबाइलमधून मान वर केली नाही. म्हणाला, चालू द्या.
माझ्यावर पूर्ण विश्वास दिसतो त्याचा.
सोमवारी परत विचारून बघतो.