पहिलं पान राखीव

९ फेब्रुवारी
आईला डॉक्टरकडे नेलं. विसरण्याचा आजार आहे आणि तो वाढत जाणार आहे. डॉक्टर म्हणाले, घरातल्या माणसांचे मोठे, स्पष्ट फोटो काढा, खाली नाव आणि नातं लिहा, रोज सकाळी दाखवा. चेहरे जरा जास्त दिवस टिकतील. लवकर सुरू करा.
मी 'स्पष्ट' या शब्दाखाली रेघ मारली. हिने फक्त 'लवकर' ऐकलं. परत येताना गाडीतच म्हणाली, संध्याकाळी फोनवर काढून टाकू. मला हसू आलं. खरेदी विभागात बावीस वर्षं घालवलेल्या माणसाला ही खरेदी शिकवणार.
संकल्प: घरात रोजच्या वापराला एक चांगला डिजिटल कॅमेरा. पंधरा दिवसांत.

११ फेब्रुवारी, सकाळी
हिने अल्बम आणला. जाड पानं, बरा आहे. पहिलं पान माझं. आधी मुलगा, मग सून, मग नात, असा क्रम. पानाच्या तळाशी ठळक अक्षरात माझं नाव आणि 'मुलगा' असं लिहिलं, कोपऱ्यात पेन्सिलने 'राखीव'. आता फक्त फोटोच चिकटवायचा राहिला. अर्धं काम झालं म्हणायचं.

२३ फेब्रुवारी
तक्ता तयार. एकतीस कॅमेरे, सतरा रकाने. सेन्सर, लेन्स, वजन, बॅटरी, अंधारातली कामगिरी. ऑफिसात याच पद्धतीने खुर्च्या घेतल्या होत्या. चौदा महिने लागले, पण आजवर एक खुर्ची मोडलेली नाही. ज्यांनी मागितल्या होत्या ते दोघं मधल्या काळात रिटायर झाले, तो भाग वेगळा.
आईने आज नातीला तिच्या आत्याच्या नावाने हाक मारली. मुलीने केस कापून घेतलेत, त्याला आई काय करणार.
पंधरा दिवस उद्या संपतात. पंधरा दिवस हा अंदाज होता, मुदत नव्हे.

८ मार्च
दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, कशासाठी हवा. रोजच्या वापराला म्हटलं. त्याने एक छोटा काळा कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, हा घ्या, डोळे झाकून घ्या. कॅमेरा डोळे झाकून घ्यायला सांगणाऱ्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा? लेखी कोटेशन मागितलं. त्याने व्हिजिटिंग कार्ड दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. तक्त्यात 'विक्रेत्याचं वर्तन' असा अठरावा रकाना वाढवला.

१९ एप्रिल
जूनमध्ये नवीन मॉडेल येतंय. एप्रिलमध्ये घेणारा तो मूर्ख.
आईने मुलीला विचारलं, तू कुणाची गं? मुलगी बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. पाणी वाया घालवू नये एवढंही कळत नाही.
हिला समजावलं की दोनच महिने थांबायचंय, आईची आठवण काही पळून जात नाही. हिने कॅलेंडरची दोन पानं उलटून बघितली आणि परत सोडली. पटलं असावं.

२६ एप्रिल
ही म्हणते, तोवर आपल्या लग्नातला फोटो लावू. त्यात मला केस आहेत. आजारी माणसाची दिशाभूल करू नये. नको म्हणालो.

१२ मे, रविवार
मेहुणा आला. म्हणजे हिचा भाऊ. हातात फोन, अंगात उत्साह. पाऊण तासात हिचा, मुलीचा, स्वतःचा, एवढंच काय, खालच्या मेडिकलवाल्याचाही फोटो काढला. कारण आई औषधं आणते म्हणून त्याच्याकडे जाते आणि नुसतीच उभी राहते. संध्याकाळपर्यंत प्रिंट आणून चिकटवलेसुद्धा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.
माझ्यावर फोन रोखला तेव्हा मी पंजा आडवा धरला. तत्त्वाचा प्रश्न आहे. मेहुणा म्हणाला, दाजी, हात दाखवून अवलक्षण कशाला करताय. फोटो निघाला तो पंजाचा. ही म्हणाली, हाच लावू, निदान हात तरी ओळखतील. मी फाडून टाकला. पहिलं पान राखीवच.

३ जून
आई रोज सकाळी अल्बम उघडते. नातीचं नाव बरोबर सांगितलं. हिचंही. हे पाठांतर आहे, ओळख नव्हे, असं मी स्पष्ट केलं. कुणी ऐकलं नाही. मेहुण्याचं नाक फोटोत केवढं रुंद आलंय, फोनच्या लेन्सचा हाच दोष. तरी आई त्याला लगेच ओळखते. कारण त्याचं नाक खरंच तसं आहे.
माझ्या कोऱ्या पानाशी मात्र ती थोडी थांबते. बोटाने अक्षरं वाचते आणि दाराकडे बघते. उत्सुकता वाढवून ठेवली आहे.

१४ जुलै
नवीन मॉडेल आलं. परीक्षणं वाईट. पुन्हा तक्ता, पुन्हा बेरीज. पहिला आला तो मार्चमधला छोटा काळा. म्हणजे माझी पद्धत बिनचूक. दुकानदार म्हणाला, माल संपला, शोकेसमधला एकच उरलाय. घेतला. त्याने मला ओळखलं नाही. ओळख करून दिल्यावर म्हणाला, तुम्ही अजून? मग व्हिजिटिंग कार्ड दिलं.

२२ जुलै
कॅमेरा हातात आला म्हणजे फोटो काढता येतो, हा अडाण्यांचा समज. आधी चाचण्या. रोज सकाळी आठ ते पावणेनऊ आईला खिडकीशी बसवतो आणि समोरच्या स्टुलावरून काढत जातो. बिचारी हलत नाही. डाव्या डोळ्याखालच्या सुरकुत्या वेगवेगळ्या दिसतात. मोजल्या, एकोणीस. कॅमेरा उत्तम.
ही म्हणाली, ते खाली ठेवा आणि तेवढा वेळ आईंशी बोलत बसा. बोललो तर कॅमेरा हलतो.

१७ ऑगस्ट
माझा फोटो. हिने काढला तर मागची खिडकी तिरकी. डिलीट. मुलीने काढला तर माझा एक डोळा अर्धा मिटलेला. डिलीट. पुन्हा काढला, त्यात हनुवटी दोन. तो कॅमेऱ्याचा दोष नाही, पण डिलीट. एकूण अकरा. मुलगी म्हणाली, बाबा, आजीला तुमच्या हनुवटीचं काही पडलेलं नाही. हल्लीची पिढी.
उपाय: ट्रायपॉड. स्वतःचा फोटो स्वतःच काढायचा. नवीन तक्ता. तीन कोटेशन्स.

९ सप्टेंबर
चाचणी चालू असताना आई मला 'अहो' म्हणाली. अहो, मान इकडे करू का, असं. जन्मभर 'अरे' म्हणणारी बाई. थट्टा करण्याइतकी तब्येत सुधारली आहे. ही उठून स्वयंपाकघरात गेली ती जेवणाच्या वेळेपर्यंत बाहेर आली नाही.

२८ सप्टेंबर
डॉक्टर. आई अल्बममधल्या सगळ्यांना ओळखते, मेडिकलवाल्यालासुद्धा. डॉक्टर खूश झाले. मग माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण? आई म्हणाली, हे रोज येतात, सज्जन आहेत, पण फार वेळ लावतात.
डॉक्टर म्हणाले, यांचा फोटो नाही का अल्बममध्ये? हिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, ट्रायपॉडची ऑर्डर दिली आहे. डॉक्टर म्हणाले, काही गोष्टींना उशीर झालेला असतो. हे त्यांनी उगाच मोघम ठेवलं. कोणत्या गोष्टींना, ते सांगायला हवं होतं.

११ ऑक्टोबर
ट्रायपॉड उशिरा येतोय. पुरवठादाराला कडक पत्र. लोकांना वेळेची किंमत नाही.

१५ ऑक्टोबर
मुलगी म्हणाली, आजीसमोर कॅमेरा न घेता बसून बघा. बसलो. आईने माझ्या हातांकडे बघितलं, मग विचारलं, आज काम नाही का? कॅमेरा घेऊन आलो. तेव्हा हसली आणि मान बरोबर कोनात धरली. म्हणजे कॅमेऱ्यामुळे तरी मी कोण ते तिला कळतं.
हे लिहिल्यावर पुन्हा वाचलं. बरं वाटलं नाही.

२ नोव्हेंबर, सकाळी
ट्रायपॉड आला. वरातीमागून घोडं, असं ही म्हणाली. फार हळू म्हणाली.
खिडकीशी उभा केला. तिरका नाही, थरथर नाही, उजेड जसा हवा तसा. ठरवलं, एकट्याचा नको, आईबरोबर काढू. तिच्या शेजारी खुर्ची ठेवली. दहा सेकंदांचा टायमर लावला, जाऊन बसलो. डोळे उघडे, हनुवटी वर.
आईने माझ्या दंडाला हात लावला. म्हणाली, अहो, रागावू नका, पण इथे नका बसू. ही जागा माझ्या मुलाची आहे.
मी उठलो. तेवढ्यात फोटो निघाला. बघितला. आई एकदम स्पष्ट. शेजारची खुर्चीही.
मग तिने अल्बम मांडीवर घेतला, पहिलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. माझं नाव मला वाचून दाखवलं. म्हणाली, एवढं एकच राहिलंय, तो आला की त्याचा काढून द्याल का? मी हो म्हणालो. रडू आलं, ते कॅमेरा डोळ्याला लावून लपवलं. तिला त्यात काही नवीन वाटलं नाही.
म्हणाली, त्याला जरा उशीर होतो, पण येतो. तुम्हाला घाई नाही ना?
नाही म्हणालो. थांबलो.