टेपच्या पाठची खटकी

रत्नागिरी, १४ मे १९८५

संध्याकाळपासून हातांना जळका वास येतोय. साबणाने दोनदा धुतले, तरी जात नाही.

शेजारच्या हलिमाचाचीचा रशीद गेल्या महिन्यात सौदीत कामावर असताना वारला. त्याचं सामान आज आलं. त्यात टेपरेकॉर्डर, आणि आईसाठी बोलून ठेवलेली एक कॅसेट. चाची टेप उचलून थेट माझ्याकडे आली. का, तर मी इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला! मीही ऐटीत प्लग लावला. पाठची व्होल्टेज बदलायची खटकी एकशेदहावर होती. सौदीत विजेचा दाब साधारण तेवढाच, आपल्याकडे जवळजवळ दुप्पट. ट्रान्सफॉर्मरच्या पेपरात वर्गात पहिला आलेला मी, आणि ती खटकी बघितली नाही! रशीदचा आवाज यायच्या आधी धूर आला.

चाची ओरडली असती तर बरं झालं असतं. कॅसेट शाबूत होती. "मिरकरवाड्यातनं दुसरा टेप आणतो, लगेच ऐकू," मी म्हटलं. तिने कॅसेट पदरात गुंडाळली.

"नको रे बाला. ही पन जलली तर?"

कॅसेट अशी जळत नाही. पण हे आता तिला कुठल्या तोंडाने सांगू?