हौदाच्या चुन्यात इंजनाची राख

चैत्र वद्य पंचमी, अकोला

सगळ्यांआधी आज विहीणबाई टपकल्या, मागून गवंडी आला. आमचा हौद गळून राहिला, मळ्यातली वांगी वाळून राहिली. अन् गवंडी म्हणे, “आजी, कापसाच्या गठाणी दाबायच्या इंजनाची फेकलेली राख चुन्यात कालवू.” विहीणबाई हसल्या, “राखेनं भांडी घासतात, हौद नाही बांधत!”

पण आठ दिवसांमागं मीच गुपचूप पिठाच्या चाळणीनं राख चाळून देली होती. गवंड्यानं दोन गोळे करून घागरीत बुडवले होते. आज काढले. नुसत्या चुन्याचा विरघळला. राखेच्या गोळ्यात माझा अंगठा रुतेना! पाण्यात राहून घट्ट कसा झाला असंल? पुन्हा दाबला, रुतेनाच. सून चाळणीवरून रागावली, रागावो बापडी.

गवंडी सोमवारी येतो हौद लिपायले. विहीणबाईही येते म्हणाल्या, आपली चाळणी घेऊन.