पेन ड्राइव्हमधले बाण

आई, तू दिलेल्या पेन ड्राइव्हमध्ये तुझा आवाज नाही. तू गेल्यावर इतकी वर्षं तो कपाटात साड्यांखाली पडून होता, ऐकायचा धीरच होत नव्हता. गेल्या आठवड्यात एकदाचा लॅपटॉपला लावला, तर सगळे प्रश्न ओळीनं दिसले. निवृत्तीनंतर दुपारी दार लावून तू माइकसमोर बसायचीस, भौतिकशास्त्राच्या तासाला पोरांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं बोलून ठेवायचीस. फाइलींना नावंही त्यांच्याच तोंडची: 'बंद केल्यावरही पंखा फिरते काहून', 'चालत्या बसमधून उतरलं का माणूस समोरच काहून पडते'. प्रत्येक नावाशेजारी छोटा वाकडा बाण. उघडायला जावं तर एकच उत्तर, फाइल सापडत नाही. तू फाइली कॉपी केल्याच नव्हत्यास, त्या कुठं आहेत ते दाखवणारे शॉर्टकट तेवढे ओढून आणले होतेस. घरच्या कॉम्प्युटरवर तपासलंस तेव्हा ते वाजलेही असणार, कारण खऱ्या फाइली तिथंच होत्या. मग तो कॉम्प्युटर तू खाप्याच्या तुझ्या शाळेला देऊन टाकलास. आकृतीत बलाचा बाण चुकला की पोरांचे कान पिळणारी तू, आणि हा एवढा बाण तुला दिसला नाही? राग आला मला तुझा. अजून गेलेला नाही.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. बेसाच्या या फ्लॅटमध्ये येता-जाता पंख्याचं बटण बंद करते आणि पाती थांबेपर्यंत खाली उभी राहते. घरातले म्हणतात, हिला झालंय काय. मध्येच नंदनवनातल्या जुन्या घरातलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. तू वरण ढवळते आहेस, डाव बाहेर काढतेस, आणि वरण आपलं गरगरतच राहतं. डावाची ताकद आत उरली असेल, असं मी म्हणते. "ताकद काही उरत नाही वं त्यात," तू म्हणतेस, "पुस्तक वाचून राहिली का नुसती पानं उलटून राहिली?" त्या दिवशी तू माझ्याशी धड बोलली नाहीस. मास्तरणीच्या पोरीनं असं बोलावं म्हणजे काय! त्या धसक्यानं मी पुढं कॉमर्स घेतलं आणि सुटले.

परवा न राहवून खाप्याला गेले. कॉम्प्युटर रूम सांभाळणारे सर तुझेच विद्यार्थी निघाले. तुझा कॉम्प्युटर अजून होता, प्लास्टिकचं कव्हर घालून कोपऱ्यात. मी फाइलींचं विचारलं.

"मशीन चालू आहे, ताई," ते म्हणाले, "पण आल्या आल्याच आम्ही त्याले फॉर्मेट मारलं. मॅडमच बोलल्या होत्या, साफ करून घ्या म्हणून. माझं सगळं पोरीजवळ आहे म्हणे."

मी खुर्ची ओढून बसले. त्यांनी पाणी आणून दिलं. मग म्हणाले, पायडल मारणं सोडल्यावर सायकल थांबते काहून, हा प्रश्न त्यांनीच तुला विचारला होता. आणि एकाएकी मान वाकडी करून, चष्मा नाकावर ओढल्यासारखं करून, ते तुझ्या आवाजात बोलायला लागले. "सायकल आपल्या मनानं थांबत नाही गा. तिले थांबवून कोण राहिलं, ते विचार."

मग ते लाजले. "मधल्या सुट्टीत पोरायले करून दाखवत होतो मी," म्हणाले. "असाच होता ना ताई, मॅडमचा आवाज?"

मी डोळे पुसले आणि म्हणाले, हुबेहूब.

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते आहे. तो आवाज तुझा होता की नव्हता, मला ओळखता आलं नाही.